पिशवी खाली ठेवा

भाऊ,

आई परिक्रमेला गेली. पायी गेली, बरोबर धारची आत्या आहे, आणि मी इथे देवासला आपल्या बॅगदुरुस्तीच्या दुकानात बसून तुम्हाला एक गोष्ट विचारतो आहे, जी तुम्ही असताना, बापलेक रोज इथे शेजारी बसूनही, विचारायची राहिली. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेली माणसं तुटलेला पट्टा नाहीतर अडकलेली चेन घेऊन आपल्याकडे यायची, आणि काम झाल्यावर तुम्ही प्रत्येकाला सांगायचात, "पिशवी खाली ठेवा." पुढे काही नाही. त्यात तुम्हाला नक्की काय म्हणायचं असायचं? पिशवी रिकामी ठेवा, की जमिनीवर ठेवा? आई म्हणते जमिनीवर. ती खानदेशातून लग्न होऊन आली, तिच्या मराठीत खाली म्हणजे खालीच. मी हिंदी शाळेत शिकलो, माझ्या कानाला खाली म्हणजे रिकामं. आणि तुम्ही जन्मापासून देवासचे, सकाळी गिऱ्हाइकांशी माळवीत, दुपारी आमच्याशी मराठीत. तुमच्या तोंडात तो शब्द कुठल्या भाषेतला होता हे आता कोण सांगणार. गेलं वर्षभर आईची तयारी करताना मी या एका शब्दापाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबलो. दुसरी एक काळजी आहे, ती आत्याने लावून दिली. निघायच्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "वहिनी अर्ध्यावरून परत आली तर पायांमुळे येणार नाही, तुझ्यामुळे येईल. लक्षात ठेव." दोघींनी अखंड करायची असं ठरवलं आहे. मध्ये सोडली तर जिथे सोडली तिथून पुन्हा धरता येत नाही, सगळी पहिल्यापासून करावी लागते.

त्या शब्दाची सुरुवात माझ्यापासून झाली असं मला वाटतं, म्हणून तो दिवस आधी लिहितो. उन्हाळ्याची सुट्टी आहे, मी सहावीत जाणार आहे, आणि तुम्ही मला पहिल्यांदाच दुकानात बसवलं आहे. बसस्टँडच्या बाजूने एक गृहस्थ येतात. पांढरे कपडे, हातात काठी, आणि पाठीवरच्या पिशवीचा एक पट्टा मुळापासून उसवलेला. ते पिशवी उतरवून माझ्या हातात देतात. तुम्ही मशीनवरून मान वर न करता म्हणता, "त्यांची पिशवी खाली ठेव." मी पिशवी उलटी करतो. सगळं सामान फरशीवर. सत्तूची पुडी, दोन लंगोट, शंकराची छोटी पिंड, दाढीचा डबा, आरसा, इस्त्री केलेली पँट, किल्लीचं घड्याळ, लोणच्याची बरणी. बरणी फुटली नाही, पण झाकण निघालं आणि तेल पँटीपर्यंत गेलं. तुम्ही उठलात. तुमचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटे. "ठेव म्हणालो. कर नाही म्हणालो." एवढं बोलून तुम्ही स्वतः फरशीवर बसलात आणि त्यांच्या लंगोटांच्या घड्या करायला लागलात. मला रडू यायच्या बेतात होतं. ते गृहस्थ मात्र आपल्या सामानाकडे असे बघत होते, जणू ते दुसऱ्याच कोणाचं आहे. मग म्हणाले, "रहने दो भिया, बच्चे ने ठीक ही किया. ये घड़ी मैं काहे को ढो रहा हूँ? मुझे कौन सी गाड़ी पकड़नी है?" आणि पट्टा शिवून होईपर्यंत ते एकेक वस्तू हातात घेऊन बघत बसले. जाताना घड्याळ, आरसा आणि ती तेलकट पँट आपल्याकडेच सोडून गेले.

त्याआधी तुम्ही परिक्रमावाल्यांना हे वाक्य सांगत होतात का, हे मला कितीही आठवलं तरी आठवत नाही. त्यानंतर सांगत होतात हे नक्की. म्हणजे माझ्या चुकीचंच तुम्ही वाक्य केलंत, की ते आधीपासून होतं आणि माझं लक्ष त्या दिवसापासून गेलं? आई म्हणते, तुम्ही थट्टेखोर नव्हता. मला तसं वाटत नाही. कोणी विचारलं, ये बैग कितना चलेगा, की तुम्ही तोंडाची एक रेघ न हलवता म्हणायचात, "बैग नहीं चलता भिया, चलना तो आपको है." गिऱ्हाईक रस्त्यावर गेल्यावर हसायचं. मी खूप विचार करून एक युक्ती काढली होती. हिंदीवाल्या माणसाला तुम्ही काय सांगत होतात हे आठवलं असतं तर प्रश्न मिटला असता, कारण हिंदीत एकतर खाली रखना असतं नाहीतर नीचे रखना. पण मला आठवतं ते असं की त्यांनाही तुम्ही मराठीतच सांगायचात, आणि तेही मान हलवून जायचे. त्यांना काय कळलं असेल?

गेल्या वर्षी देवउठनी ग्यारस, आईची कार्तिकी एकादशी, झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आई पोळ्या लाटत होती. मी ताटावर बसलो होतो. ती म्हणाली, "पुढच्या ग्यारसनंतर मी आणि वन्सं निघतो."

"कुठे?"

"परिक्रमेला. पायी."

आत्याला ती अजून वन्सं म्हणते. धारला आत्याच्या शेजारच्या मुली तो शब्द ऐकून तोंडाला ओढणी लावून हसतात, त्यांना ते आत्याचं नावच वाटतं. मी लगेच म्हणालो की मीही येतो. ती म्हणाली, "तू नाही." मी विचारलं, का नाही. तिने पोळी उलटली आणि म्हणाली, "तू आलास की मी सगळा वेळ तुझ्या तोंडाकडे बघत चालीन. मला रस्ता बघायचाय." मला वाटलं तुमच्यासाठी काही नवस असेल, माझ्या लग्नाचा असेल. तिने दोन्हीला नाही म्हटलं. म्हणाली, "इतकी वर्षं त्या लोकांना चहा दिला मी. आतून ट्रे द्यायचा आणि दारामागे उभं राहून ऐकायचं. अमक्या गावी म्हातारी दूध देते, तमक्या जंगलात वाट चुकते, कुठे नर्मदा मैया इतकी अरुंद की उडी मारावी. सगळा रस्ता पाठ आहे मला. आता ते खरं सांगत होते का ते बघते." भाऊ, हे तिने तुम्हाला कधी सांगितलं होतं का? मी तिच्या इतका जवळ राहिलो आणि ती दारामागे उभी राहून ऐकायची हे मला माहीत नव्हतं.

मी घाबरट आहे हे तुम्हाला माहीत आहे. दुकानाला कुलूप लावल्यावर ओढून बघतो, चार पावलं जातो आणि परत येऊन ओढतो. मला काळजी करायला काहीतरी हातात लागतं. तेव्हा मी तयारी हातात घेतली. परिक्रमा करून आलेलं जे कोणी दुकानात आलं, त्याला बसवून विचारलं. त्यांच्याकडून कळलं की बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय सुजलेले असतात, आणि पुढे अंगठा वाकवायला जागा हवी. नवे बूट घालून निघायचं नाही, दोन महिने घरात वापरून मऊ करायचे. आईचे बूट आणले. ती स्वयंपाकघरात घालेना, देव्हारा तिथेच आहे. मग गच्चीवर घालून फिरायची, पापड वाळत घालताना, कपडे काढताना. खालून शेजारीण विचारायची, "भाभी, फौज में भर्ती हो रही हो क्या?" आई वरून म्हणायची, "हो, तू पण चल." फोड आला तर फोडायचा नाही, सुईदोरा आरपार ओवून दोरा तसाच ठेवायचा, पाणी निघून जातं आणि कातडी शाबूत राहते. ही एक गोष्ट आपल्या धंद्यातली होती, ती मी तिला पटकन शिकवू शकलो. मीठ-साखरेचं पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. नखं निघायच्या आठवडाभर आधी कापायची, आदल्या दिवशी नाही. पहाटे निघायचं आणि ऊन उतरायच्या आत मुक्काम धरायचा, कारण अंधारात जागा मागणाऱ्याला लोक घाबरतात. मैया कायम उजव्या हाताला, आणि ती कुठेही ओलांडायची नाही. हे शेवटचं आईला माझ्याआधीच माहीत होतं.

पिशव्या मी स्वतः शिवल्या. बाजारात परदेशी नावांच्या मिळतात, मी दोन उसवून आतून बघितल्या. त्यांच्यात कमरेला रुंद पट्टा असतो, सगळा भार खांद्यावरून निघून कमरेच्या हाडावर बसतो. ते बघितल्यावर मला तुम्ही आठवलात. आपले पणजोबा देवासच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या महाराजांच्या, पागेत खोगिरं शिवायचे हे तुम्ही सांगायचात, आणि एकदा मला पाठमोरं उभं करून तुम्ही मानेपासून कमरेपर्यंत मणक्यावरून बोट फिरवलं होतं. "इथे काही टेकता कामा नये. घोडा असो की माणूस. दोन्ही बाजूंना गादी आणि मधे नाली." मला गुदगुल्या झाल्या होत्या आणि मी उभा राहीना, म्हणून तुम्ही डोक्यात टप्पल मारली होती. आता आईच्या पिशवीला मी तशीच दोन बाजूंना फोमची गादी लावली, मधे बोटभर नाली सोडली, आणि तिला पाठमोरं उभं करून बघितलं की मणक्याला काही लागतं का. जड सामान पाठीला चिकटून, मधोमध. पावसाची ताडपत्री सगळ्यात वर, म्हणजे ती काढायला सगळं उपसावं लागत नाही. आईने पिशवी चढवली, बक्कल लावलं, दोन चकरा मारल्या आणि म्हणाली, "मला घोडी केलीस तू." आत्या त्या वेळी आलेली होती. ती म्हणाली, "घोडी बरी गं वहिनी. माझ्याकडे बघ, मला उंट केलंय." आत्या उंच आहे, तिची पिशवी मी लांबट बेतली होती, ती तिला खरंच कुबडासारखी दिसत होती. मी ती रात्रीत उसवून पुन्हा बेतली.

आणि मग काय भरायचं यावरून तुमचा शब्द मधे आला. मी म्हणत होतो, पिशवी होईल तितकी रिकामी. नेसती सोडून एकच साडी, एक गाऊन, एक शाल, ताट नाही, फक्त एक खोलगट वाटी. भाऊ सांगायचे, पिशवी खाली ठेवा. आईने लोणच्याची बरणी आत सरकवली. मी ती बाहेर काढली. ती म्हणाली, "त्यांनी रिकामी ठेवा असं कधी म्हटलं नाही. मी भाजी घेऊन आले की मला रोज म्हणायचे, पिशवी खाली ठेव आणि आधी पाणी पी. रिकामी ठेव असं म्हणायचे का मला? भाजी फेकून देऊ?" मी म्हणालो, घरातलं वेगळं, गिऱ्हाइकांना सांगायचे ते वेगळं. ती म्हणाली, "माणूस एकच होता ना?" मग मी आत्याला विचारलं. तुमची धाकटी बहीण, तुमच्या बरोबर वाढलेली, मास्तरीण होती, तिला माहीत असेल असं वाटलं. तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "आमच्या घरात दोन्ही म्हणायचे. आई म्हणायची, डबा खाली कर आणि खाली ठेव. आम्हाला कळायचं." मी विचारलं, कसं कळायचं? "डब्याकडे बघून," ती म्हणाली. लोणचं शेवटी एका लहान डबीत गेलं.

मग मी म्हटलं, चालून बघू. तालीम केल्याशिवाय निघायचं नाही असं मला सगळ्यांनीच सांगितलं होतं. आधी रोज सकाळी पिशवीत तांदूळ भरून देवीच्या टेकरीच्या पायऱ्या. दर आठवड्याला थोडे तांदूळ वाढवायचे. मग पावसाळा संपल्यावर दोघी धारहून अमझेऱ्यापर्यंत पायी गेल्या, मधे एक मुक्काम करून. मला येऊ नको म्हणाल्या होत्या, मी स्कूटर घेऊन मागे मागे गेलो. त्या चालत असताना स्कूटर इतकी हळू चालवावी लागे की ती तापून बंद पडे, मग मी ती थंड होईपर्यंत थांबायचो आणि पुन्हा त्यांना गाठायचो. तिसऱ्यांदा गाठल्यावर आत्या रस्त्यात उभी राहिली. म्हणाली, "डाकूसारखा पाठलाग काय करतोस? एकतर उतर आणि चाल, नाहीतर घरी जा." मी उतरलो आणि स्कूटर ढकलत चाललो. त्यात काही फायदा नाही हे मला दिसत होतं, तरी चाललो. अमझेऱ्याला मंदिराच्या धर्मशाळेत जमिनीवर झोपलो तेव्हा एक नवीन गोष्ट कळली, जी कोणी सांगितली नव्हती. आत्या इतकी घोरते की आई पहाटेपर्यंत उठून बसली होती. मी सामानात कापसाचे बोळे वाढवले. त्यांना वजन जवळजवळ नाहीच.

सगळ्यात मोठी तालीम उदयनगरच्या जंगलात केली. परिक्रमेत तो भाग अगदी शेवटी येतो, डहीवरून आल्यानंतर. डहीला आत्याची पहिली नोकरी होती, ती तिथल्या शाळेच्या आठवणी इतक्या सांगते की ते गाव लागेपर्यंत तरी ती चालणारच याची मला खात्री आहे. या वेळी त्यांनी मला बरोबर येऊ दिलं, पण पिशवी पाठीवर घेऊन. दुपारी एका वाडीपाशी आलो. चार-पाच घरं, सागाची पानं वाळत घातलेली, एक बाई अंगणात मका सोलत होती. मी पुढे झालो, कारण मी पुरुष आणि माझं हिंदी चांगलं. अंगणाच्या कडेला उभं राहून विचारलं, रात को रुकने की जगह मिलेगी क्या. तिने माझ्याकडे बघितलं, हात वर करून पुढची वाट दाखवली. "आगे स्कूल है. वहाँ पूछ लो." मी आभार मानून निघालो. मागे वळून बघतो तर आई अंगणात. तिने काही विचारलं नव्हतं. बक्कल काढलं, पिशवी उतरवून भिंतीला टेकवली, आणि कणसांच्या ढिगाशी बसून एक कणीस उचलून सोलायला लागली. थोड्या वेळाने त्या बाईने आतून पाण्याचा तांब्या आणला. मग खाट बाहेर आली. आम्ही तिघं आपसात बोललो तेव्हा तिने विचारलं, "महाराष्ट्र से आए?" आत्या म्हणाली, धारची आहे, हे देवासचे. "तो ऐसा क्यों बोलते हो?" आत्या म्हणाली, "हमारे पुरखे आए थे, घोड़ों के साथ." बाई म्हणाली, "और घोड़े?" "घोड़े समझदार थे, लौट गए." ती बाई इतकी हसली की तिच्या मांडीवरची कणसं घरंगळली.

आई मला हळूच म्हणाली, "बघितलंस? पाठीवर पिशवी घेऊन विचारणारा माणूस निघालेलाच असतो. ते हेच सांगायचे. खाली ठेवा." मला ते पटलं, आणि मी मनात ठरवलं की तुमचा अर्थ सापडला. पण दुसऱ्या दिवशी चढावर आत्या बसली ती उठेना. तिने पिशवीतून जाडजूड पोथी काढली, जास्तीची साडी काढली, आणि वाटेत भेटलेल्या एका म्हातारीला साडी देऊन टाकली. पोथी माझ्या पिशवीत आली. मग ती सरळ चढली. म्हणजे माझाही अर्थ चालला. भाऊ, मला आता असं वाटतं की तुम्ही मुद्दाम दोन्ही सांगत होतात. पण हे मला वाटतं म्हणून, की आहे म्हणून, ते मी ठरवू शकत नाही. तुम्ही कोणालाही त्याचा अर्थ कधी फोडून सांगितला नाहीत. कोणी परत येऊन तुम्हाला म्हणालं का, की तुमचं ऐकलं आणि असं झालं?

परतताना बसमध्ये आई खिडकीशी झोपली होती. आत्या माझ्या शेजारी होती. मी तिला सांगत होतो की आईची तयारी आता बरी झाली आहे, दम लागत नाही, फोड एकच आला. आत्या म्हणाली, "आणि तुझी?" मी म्हणालो, मी कुठे जातोय. ती म्हणाली, "वहिनी वर्षभर तुझीच तालीम घेतेय, तुला कळलं नाही?" तेव्हा मला एकेक दिसायला लागलं. ती चालायच्या सरावाला म्हणून धारला जाऊन काही दिवस राहायची, आणि तिथे आत्याच्या म्हणण्याप्रमाणे पत्ते खेळत बसायची. जायच्या आधी मला भाताला पाणी किती ते दाखवायची, तांदळावर बोटाचं एक पेर. फोडणीत मोहरी तडतडल्याशिवाय हिंग नाही. दूध आलं की उतू जायच्या आधी कसा आवाज बदलतो. मला वाटायचं तिला चालून आल्यावर थकवा येतो म्हणून ती मला करायला लावते. पहिल्या वेळी ती चार दिवसांनी आली, दुसऱ्या वेळी आठ, तिसऱ्या वेळी पंधरा. मी तिच्या पिशवीत दर आठवड्याला तांदूळ वाढवत होतो तसंच ते होतं. तुम्ही गेल्यापासून या घरात मी एकटा कधी झोपलो नव्हतो, हे मला त्या पहिल्या चार दिवसांत कळलं होतं, आणि मी ते तिला सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरजच नव्हती.

ग्यारस झाली आणि आम्ही नेमावरला गेलो. घाटावर पूजा झाली, लहान मुलींना जेवू घातलं, दोघींनी बाटलीत मैयाचं पाणी भरून घेतलं. मला वाटलं होतं मी रडेन, पण माझं लक्ष पिशवीकडे होतं. ती पाठीवर नीट बसली होती, चालताना डावी-उजवीकडे डुलत नव्हती, पट्ट्याला सुरकुती नव्हती. आई पुढे होती. नदी उजव्या हाताला. तिने मागे वळून बघितलं नाही. आत्याने बघितलं आणि हाताने खूण केली की जा आता. मी परतीच्या बसमध्ये बसलो तेव्हा हातात काही करायला नव्हतं, आणि देवास येईपर्यंत मी खिशातली किल्ली चाचपत होतो.

परवा दुपारी तिचा फोन आला. बरमानच्या अलीकडचं कुठलंसं गाव, कोणाच्यातरी ओसरीवरून. तिने सांगितलं की दूध देणारी म्हातारी खरी निघाली, म्हणजे ती नाही, तिची सून देते. वाट चुकणारं जंगल मात्र राहिलं नाही, तिथे रस्ता झाला आहे. ती खूश होती. मग म्हणाली, "जेवलास?"

"जेवलो."

"काय केलंस?"

"खिचडी."

"मागच्या फोनलाही खिचडीच म्हणालास." ती म्हणाली, "तुझा आवाज बसलाय."

"धूळ आहे रस्त्यावर. खोदकाम चाललंय."

पलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं. "इथून सकाळी बस असते रे," ती म्हणाली. "तू म्हण, मी येते. मला काही वाटणार नाही. बरंच बघून झालं." मागून आत्याचा आवाज आला, "वहिनी, फोन इकडे दे बघू," आणि आईने तो दिला नाही. भाऊ, वर्षभर मला हेच ऐकायचं होतं. एक शब्द म्हणायचा होता, आणि ती दुसऱ्या दिवशी रात्री घरी असती. मी म्हणालो, "आत्ता येऊ नकोस. लग्नसराई लागलीय, सगळ्यांना बॅगांच्या चेनी बदलून हव्यात. मान वर करायला वेळ नाही. तू आलीस तर तुझ्याकडे बघायलाही मला सवड नाही." ती ऐकत होती. मग म्हणाली, "हो, मशीनचा आवाज येतोय." तिचा आवाज मोकळा झाला होता. "कर मग काम. ठेवते. खिचडीत भाजी घालत जा."

हा कागद कुठल्या पोस्टाच्या पेटीत टाकायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. त्या वेळी दुकानात कोणी नव्हतं, आणि आठवडाभर फारसं कोणी आलंही नव्हतं. मी मशीनचा दोरा काढून ठेवला होता, कापड चढवलेलं नव्हतं, आणि तिच्याशी बोलताना मी नुसतंच पायडल मारत होतो. फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ मारत राहिलो.